बिनविस्तवाची शेकोटी

टोप म्हटलं की काही जणांना डोक्यावर घालायचा आठवतो. मी तसला नव्हे. मी स्वयंपाकघरातला टोप, ॲल्युमिनियमचा, बुडाने काळाकुट्ट, एक कान तुटलेला आणि पोटाला पोचा आलेला. मित्रांनो, तुमच्याही घरात माझा एखादा भाऊबंद असेलच. स्वभावाने मी जरा तिरसट आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझ्या गोष्टीत चॉकलेट आहे, बिस्किटं आहेत, मार्शमेलो म्हणजे साखरेचे मऊमऊ गोळे आहेत, पण म्हणून ती गोड असेल अशी आशा धरून बसू नका.

माझा जन्म भांड्यांच्या कारखान्यातला. एक गोल पत्रा यंत्राखाली सरकवला, वरून दणका बसला आणि मला पोट आलं. दुसऱ्या दणक्यात काठ वळला. मग कान ठोकून बसवले. दुखलं का रे, असं कुणी विचारलं नाही. पुढे बरेच दिवस मी एका दुकानात दोरीला उलटा टांगलेला होतो. एके दिवशी नवीनच लग्न झालेलं एक जोडपं आलं. तिने मला खाली काढायला लावलं, बोटाने टकटक वाजवलं आणि कान देऊन ऐकलं.

"भांडं घेतेस की ढोल?" तो म्हणाला.

ती हसली आणि मी त्यांच्या घरी गेलो. एक खोली, तिच्या कोपऱ्यात ओटा, एवढंच ते घर. पुढे त्यांना मुलगी झाली. ती एका जागी कधी उभी राहायचीच नाही, म्हणून तिचं नाव पडलं भिंगरी. ती त्यांना आई-बाबा म्हणते, म्हणून मीही तसंच म्हणतो.

बाबा दगड कापायच्या कारखान्यात कामाला होते. मोठ्या दगडाच्या लाद्या पाडायच्या, त्या गोल करवतीवर धरायच्या, हेच काम. ते घरी आले की भुवयांपासून बुटांपर्यंत पांढरे असायचे. भिंगरी दारात टाळ्या पिटायची, "भूत आलं, भूत आलं!" बाबाही हात वर करून भुतासारखा आवाज काढायचे. आई म्हणायची, "आधी भुताला अंघोळीला पाठव." आम्ही सगळे हसायचो. त्या पांढऱ्या धुळीला आम्ही हसत होतो, हे आठवलं की आता माझ्या अंगावर काटा येतो.

वर्षातून एकदा यंत्रांच्या दुरुस्तीसाठी कारखाना बंद राहायचा. तेव्हा बाबा आम्हाला गावाबाहेरच्या तळ्याकाठी न्यायचे. तंबू ठोकायचा, लाकडं गोळा करायची, शेकोटी पेटवायची. मला शेकोटीच्या कडेला तीन दगडांवर बसवायचे आणि माझ्यात चॉकलेट वितळत ठेवायचे. मार्शमेलो काटकीला टोचून विस्तवावर धरायचे, दोन बिस्किटांच्या मध्ये दाबायचे आणि वर माझ्यातलं चॉकलेट ओतायचं. भिंगरीला मार्शमेलो जरासा तांबूस झालेला हवा असायचा. बाबा मात्र तो पार काळा होईपर्यंत जाळायचे आणि म्हणायचे, "आता लागलाय चवीला." त्यावरून दोघांची दर वर्षी भांडणं. "चॉकलेट वितळवावं तर या टोपानेच," असं बाबा एकदा म्हणाले होते. मी त्यानंतर कितीतरी दिवस इतर भांड्यांशी धड बोलत नव्हतो.

मग बाबांना खोकला लागला. आधी सगळे म्हणाले, हवा बदलली आहे. मग म्हणाले, थंड पाणी प्यायलं असेल. बाबा मात्र जिना चढताना मध्येच थांबायला लागले आणि कुणी बघितलं की बुटाचा बंद बांधायचं नाटक करायला लागले. करवतीवर पाण्याचा फवारा असतो, त्याने धूळ खाली बसते. त्यांच्या कारखान्यात तो फवारा बंदच असायचा, कारण पाण्याने काम सावकाश होतं. तोंडाला बांधायला बाबांकडे होता तो घरचा रुमाल. डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला तेव्हा कळलं की ती धूळ आत जाऊन बसली आहे आणि आता ती निघणार नाही.

तळ्याकाठी जाणं थांबलं. मी माळ्यावर गेलो. माझ्यात कपड्यांचे चिमटे टाकून ठेवले. एवढी वर्षं राबलेल्या भांड्याला चिमटे सांभाळायला लावायचं म्हणजे काय, तुम्हीच सांगा. पण माळ्यावरून खाली बघितलं की मला माझं दुःख सांगायची लाज वाटायची. खाली खाटेवर बाबा होते आणि खाटेशेजारी श्वास देणारं यंत्र. त्याची नळी बाबांच्या नाकाला. ते दिवसरात्र घरघरायचं आणि त्याच्यावर एक हिरवा दिवा जळायचा. कोपऱ्यात ऑक्सिजनचा एक लोखंडी सिलिंडर उभा होता, यंत्र बंद पडलंच तर लागेल म्हणून.

यंत्र लावून द्यायला दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या होत्या, त्या बजावून गेल्या, "या घरात आता काडी ओढायची नाही. गॅस नाही, मेणबत्ती नाही, उदबत्तीसुद्धा नाही. ऑक्सिजनजवळ ठिणगी म्हणजे संपलंच." म्हणून घरातली शेगडी गेली. आई शेजारच्या काकूंच्या ओट्यावर स्वयंपाक करून ताटं झाकून आणायची. ओट्यावर उरली फक्त विजेची किटली. तिची एक अट होती. तिने ओट्यावरच्याच बोर्डाला लागायचं, खाटेजवळच्या बोर्डाला कधीच नाही, कारण त्यावर यंत्र होतं आणि दोन्हींचा भार त्याला पेलला नसता.

बाबांचं खाणं सुटत चाललं होतं. दोन घास झाले की ताट सरकवायचे. एका दुपारी भिंगरीने विचारलं, "बाबा, तुम्हाला काहीतरी खावंसं वाटतंच असेल ना?" ते बराच वेळ श्वास गोळा करत राहिले आणि म्हणाले, "तळ्याकाठचं."

बस. पोरीने तेच मनात धरलं. बाबांनी पोटभर खाल्लं की ते बरे होतील, असा तिचा हिशोब होता. विस्तव नको, भट्टी नको, नुसत्या गरम पाण्यावर करता येईल असा प्रकार तिने शोधून काढला. बिस्किटं चुरायची, चॉकलेट आणि लोणी गरम पाण्यावर वितळवायचं, त्यात मार्शमेलोचे तुकडे कालवायचे, ताटात थापायचं आणि फ्रिजमध्ये घट्ट होऊ द्यायचं. आई काकूंकडे स्वयंपाकाला गेली आणि बाबांचा डोळा लागला, तशी ती स्टुलावर चढली. चिमटे ओतून तिने मला खाली काढलं, घासलं, पुसलं. मित्रांनो, मला किती बरं वाटलं ते सांगता येत नाही. दोन खुर्च्यांवर चादर टाकून तिने तंबूही केला होता. आई-बाबांना एकदमच दाखवायचं, असा बेत होता.

बिस्किटं चुरून झाली. माझ्यात चॉकलेट पडलं. किटली भरली, ओट्यावरच्या बोर्डाला लावली आणि बोर्ड चर्रकन वाजून बंद पडला. जुनाच होता तो. काकूंकडे गरम पाणी मागायला जावं तर आईला कळणार आणि सगळी मजा जाणार. भिंगरी किटली हातात घेऊन क्षणभर उभी राहिली. एकदाच लावायची, पाणी उकळेपर्यंतच, असं तिला वाटलं असणार. तिने किटली खाटेजवळच्या बोर्डाला लावली.

खटका उडाला. घरातलं सगळं बंद झालं. यंत्राची घरघर थांबली, हिरवा दिवा गेला आणि ते किंचाळल्यासारखं वाजायला लागलं. बाबा दचकून उठले. तोंड उघडत होते, मिटत होते, पण आत काही जात नव्हतं. ओठ निळे पडायला लागले. भिंगरीने धावत जाऊन सिलिंडरची चावी दोन्ही हातांनी फिरवून बघितली. ती हलेना. मग ती दारात जाऊन अशी ओरडली की अख्खा जिना दणाणला.

आई धावत आली. तिने चावी फिरवली, नळी बदलली, बाबांची पाठ धरून बसली. बाबांच्या ओठांवर रंग परत आला. आणि मग आईची नजर किटलीवर गेली.

"बापाला मारायला निघालीस का गं?"

एवढं एकच वाक्य. मी आयुष्यभर विस्तवावर बसलो, पण तेवढा चटका मला कधी बसला नव्हता. पोरीचं काय झालं असेल!

शेजारच्या काकांनी किटली काढून उडालेला खटका वर केला, यंत्र चालू झालं. आईने चुरलेली बिस्किटं फेकली, चादर ओढून काढली आणि मला होतो तसा, पोटात चॉकलेट घेऊन, माळ्यावर भिरकावलं. माझा एक कान तेव्हा तुटला.

त्या दिवसापासून भिंगरी फिरायची थांबली. शाळेतून आली की उंबऱ्यात बसायची आणि यंत्राच्या हिरव्या दिव्याकडे टक लावून बघायची. खाटेजवळ जायची नाही. खोलीतला दिवा लावायचा झाला तरी स्वतः बटण दाबायची नाही, आईला हाक मारायची. आईला ते दिसत होतं, पण तिची जीभ उचलत नव्हती. ती पोरीच्या वेण्या घालायची, ताट वाढायची, आणि ते वाक्य दोघींच्या मध्ये तसंच पडून राहायचं.

एका सकाळी पोर शाळेत गेल्यावर बाबा म्हणाले, "टोप काढ."

"नको तो विषय," आई म्हणाली.

"ऐक. मी जाणार आहे. तुलाही ठाऊक आहे." ते थांबले, दम घेतला. "पण मी असाच गेलो तर ती जन्मभर समजेल, तिनेच मारलं."

आईने तोंडाला पदर लावला. "माझ्या तोंडून निघून गेलं हो."

"मग परत घे. मी आहे तोवर घे. नंतर तिला पटायचं नाही."

मित्रांनो, मरायला टेकलेल्या माणसाला घाई कसली असते ते मी तेव्हा बघितलं. त्यांना औषध नको होतं, देव नको होता. पोरीने पुन्हा ती किटली लावावी आणि आपण ते बघायला जिवंत असावं, एवढंच हवं होतं.

आईने ओट्यावरचा बोर्ड नवीन बसवून घेतला. मला खाली काढून माझ्यात माळ्याच्या उकाड्याने विरघळून चिकटलेलं चॉकलेट खरवडलं. पोर शाळेतून आली तशी तिच्यासमोर फरशीवर बसली आणि म्हणाली, "मी त्या दिवशी बोलले ते खोटं होतं. मी घाबरले होते."

"पण मशीन खरंच बंद पडलं होतं ना," भिंगरी म्हणाली. त्या दिवसाबद्दल ती पहिल्यांदाच बोलली होती.

"पडलं होतं. आणि तू ओरडलीस म्हणून मी आले. तू नुसती रडत बसली असतीस तर?"

आईने किटलीची वायर तिच्या हातात दिली. पोरीने पिन बोर्डाला तीनदा टेकवली आणि तीनदा मागे घेतली. आईने हात पुढे केला नाही. बाबा खाटेवरून बघत होते. शेवटी पिन बसली. भिंगरीने बटण दाबलं आणि गर्रकन वळून यंत्राकडे बघितलं. ते घरघरत होतं. पाणी उकळून किटली आपोआप बंद होईपर्यंत ती तशीच बघत राहिली.

मग परातीत गरम पाणी, पाण्यात मी आणि माझ्यात चॉकलेट. "वाफेचा थेंब पडू देऊ नकोस हं," आई म्हणाली, "चॉकलेट रुसून बसतं, त्याचा गोळा होतो." भिंगरी ढवळत राहिली. लोणी पडलं, बिस्किटांचा चुरा पडला, मार्शमेलो पडले. ताटात थापून फ्रिजमध्ये ठेवलं आणि तिन्हीसांजेला आईने त्याच्या वड्या पाडल्या.

बाबांना तेव्हा पाणीसुद्धा चमच्याने लागत होतं. त्यांनी नखाएवढा तुकडा जिभेवर ठेवला. तो विरघळायला फार वेळ लागला आणि गिळताना त्यांच्या गळ्याच्या शिरा ताणल्या गेल्या. मला बघवत नव्हतं. पण गिळलं त्यांनी. मग तोंड वाकडं करून म्हणाले, "करपलेलं नाही. मला करपलेलं लागतं."

"घरात विस्तव नाही ना, बाबा!" भिंगरी म्हणाली आणि हसली. हसता हसता खाटेवर चढून त्यांच्या कुशीत शिरली. बाबांनी आणखी एक तुकडा मागितला.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, सकाळी, बाबा गेले. यंत्र चालू होतं. हिरवा दिवा जळत होता. श्वास घ्यायला तिथे कुणी उरलं नव्हतं, एवढंच.

घरात माणसं जमली. बाबांची बहीण रडून रडून दमली आणि शेजारणीला म्हणाली, "त्या दिवशी मशीन बंद पडलं ना, तिथूनच खालावला माझा भाऊ." हळू बोलली होती, पण खोली एकच. भिंगरी हातात पाण्याचे पेले घेऊन उभी होती. ती जागच्या जागी दगड झाली.

आई भिंतीला टेकून बसली होती ती उठली. "वन्सं," ती म्हणाली, "तुमचा भाऊ दगडाच्या धुळीने गेला. ती धूळ कारखान्याने दिली. माझ्या लेकीने त्याला खायला करून घातलं आणि त्याने ते मागून खाल्लं. या घरात दुसरं काही कुणी बोलायचं नाही."

आत्या उठल्या आणि त्यांनीच भिंगरीला जवळ घेतलं. पेले सांडले. तेव्हा कुठे ती पोर मोठ्याने रडली.

मित्रांनो, भांडी घासून ठेवा, आपटू नका, माळ्यावर टाकू नका, हे मी सांगणार होतो. तेही सांगतोच. पण भांड्याला पोचा आला तरी त्यात पाणी तापतं. माणसाचं तसं नसतं. रागात तुम्ही कुणाला काही बोलला असाल, तर जा आणि आजच परत घ्या. आणि तुमच्या घरात कुणाच्या हातून मोठी चूक झाली असेल, तर त्याला उंबऱ्यात बसवून ठेवू नका. त्याला आत बोलवा, त्याच्या हातात भांडं द्या आणि त्याचं होईपर्यंत शेजारी बसा.