गोजरबाईचा सोमवार

"अगं गोजरे, बैल मेला का काय तुझा?"

सोपानतात्या घाण्याच्या छपराशी थबकले ते थबकलेच. बैल मेला नव्हता. तो लिंबाच्या सावलीत बसून निवांत रवंथ करत होता आणि त्याच्या जागी, घाण्याच्या आडव्या दांड्याला छाती लावून, गोजरबाई गोल गोल फिरत होती.

"बैल धड हाय, तात्या. आज सोमवार न्हवं का?" ती न थांबता म्हणाली.

सोमवारी बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही, हा आमच्या लासुर्ण्याच्या तेल्यांचा पिढ्यानपिढ्यांचा नेम. महादेवाचा वार, नंदीला सुट्टी. गोजरबाईने तो नेम कधी मोडला नाही. फक्त त्या नेमात माणसाचं नाव कुठे नाही, एवढं तिने बरोबर हेरलं होतं.

"बैलाला सोडलंस. आन् तुला कोन सोडनार?" तात्यांनी विचारलं.

"मला धरलंय कुनी? माझी मीच मालकीन."

तात्यांनी कपाळाला हात लावला आणि ते आपल्या वाटेने गेले.

मालकीण हा शब्द तिने फुकटात मिळवला नव्हता. नवरा गेणू तापाने गेला तेव्हा भाऊबंद म्हणाले, घाणा विक, बाईच्या जातीला हे झेपायचं नाही. गोजरबाईने तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बैल जुंपला. सहा वर्षांत तिच्या करडईच्या तेलाचं नाव वरकुट्यापर्यंत गेलं. प्रत्येक पोत्यातला दाणा चावून पाहायची. जिभेला जरा कुबट लागला की पोतं परत, मग आणणारा पाटील असो नाहीतर पाव्हणा. लोक तिच्या तिखटपणाला वैतागायचे आणि तेल तिच्याकडूनच न्यायचे.

मग चौतीस साली गावापलीकडे साखर कारखान्याचं काम जोरात निघालं. मजुरांच्या भटारखान्याला तेल लागायचं. तिथले मुनशी बापूसाहेब सायकलवरून आले आणि म्हणाले, "दर मंगळवारी सकाळी दोन डबे. जमंल का गं तेलीनबाई?"

जमेल का, असं गोजरबाईला विचारलं की संपलंच. ती म्हणाली, जमंल. मंगळवारी सकाळी दोन डबे द्यायचे तर सोमवारी घाणा फिरायलाच हवा. बैल जुंपायचा नाही. मग राहिलं कोण? पहिल्या सोमवारी तिला मौज वाटली. चार महिन्यांनी तिला पायरी चढताना भिंत धरावी लागू लागली. गिऱ्हाइकांवर ती वसावसा ओरडायची. जेवायला बसली की घास हातातच राहायचा. कुणी काही बोललं तर म्हणायची, "धंदा सोताचा हाय. दुखलंखुपलं कुनाला सांगू?"

एका बुधवारी ठमाकाकू आल्या. पाण्याला जाताना वाटेत टेकत टेकत चालणारी म्हातारी, पण आज तेलाचं मडकं काखेत धरून तरातरा आली आणि ते तिने ओट्यावर ठेवलं.

"गोजरे, ह्ये तेल तुझं न्हाय."

"आसं कसं काकू? काल माज्या हातानंच दिलंय की."

"हात तुझा आसंल. तेल तुझं न्हाय. चाख बघू."

गोजरबाईने बोट बुडवून जिभेला लावलं. पुन्हा लावलं. मग उठून पोत्यातला दाणा चावला. तिला वाईट लागेना, चांगलंही लागेना. काहीच लागेना. शेजारच्या साखरबाईला हाक मारून तिने तोच दाणा दिला, तर साखरबाईने तोंड वेडंवाकडं करून थुंकला. पोतं खाली ओल लागून कुबटलं होतं. त्याच पोत्यातला दाणा सोमवारी गोजरबाईने चावून पाहिला होता आणि अर्धं पोतं घाण्यात ओतलं होतं.

तिने पोत्याचं तोंड बांधलं. हात थकले तर बैल आहे. पाय थकले तर गाडी आहे. पण ज्या जिभेवर घाण्याचं नाव उभं होतं, तीच गेली तर उरलं काय? गोजरबाईला आयुष्यात पहिल्यांदा भीती वाटली. गेणू गेला तेव्हाही वाटली नव्हती एवढी.

"काकू, आता गं काय करू?"

"काय करू नगंस. त्येच करायचं राह्यलंय तुझं," ठमाकाकू म्हणाल्या आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या.

दुसऱ्या दिवशी गोजरबाई चालत भटारखान्यावर गेली.

"मुनशी, मंगळवारचं तेल वाईट गेलंय. वापरू नगा, बदलून देते."

बापूसाहेब हसले. "दीड डबा संपला की! मजुरांनी खाल्लं, बोटं चाटली. कुनी चकार शब्द बोललं न्हाय."

"ती मानसं न्हाय बोलली. पर तेल माझं हाय, मला बोलायचंय. आन् आजपास्नं मंगळवारी तेल न्हाय. एकच डबा मिळंल, त्योबी बुधवारी. सोमवारी घाणा बंद."

"आगं, नेम बैलाला हाय. तुला कुठं हाय?"

"आता मलाबी हाय."

"मग आमी गिरणीचं तेल आनतो. मागनं रडत येऊ नगंस."

"आना," ती म्हणाली आणि वळली. कारखान्याची हद्द सुटेपर्यंत ताठ चालली. मग बाभळीच्या आडोशाला थांबून पोटभर रडली, कारण मोठं गिऱ्हाईक हातचं गेलं होतं आणि ते तिने स्वतःच्या तोंडाने घालवलं होतं.

पहिला सोमवार तिने झोपून काढला. दुसऱ्या सोमवारी काय करावं ते कळेना म्हणून स्वच्छ भांडी पुन्हा घासली. तिसऱ्या सोमवारी दुपारी कांदा फोडून भाकरी खाताना ती एकदम थांबली. कांदा तिखट लागला होता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती कांदा खात राहिली आणि एकटीच हसली.

पाचव्या की सहाव्या सोमवारची गोष्ट. कालव्याला पाणी सुटलं होतं. गोजरबाई लुगडं पोटरीपर्यंत घेऊन, पाण्यात पाय सोडून काठावर बसली होती. बापूसाहेब सायकल ढकलत आले. घाण्यावर जाऊन, कडी बघून, विचारत विचारत इथवर आले होते.

"गोजरबाई, गिरणीच्या तेलावर आचारी कुरकुर करत्यात. तुमच्या घाण्याचं पायजे. एक तर एक डबा. बुधवारी चालंल, पर आत्ता चलून जरा ठरवून टाका."

"उद्या घाण्यावर या. आज न्हाय."

बापूसाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. धुणं नव्हतं, घागर नव्हती, गुरंही नव्हती.

"मग हितं काय काम काढलंय?"

"काय न्हाय," गोजरबाई मान वर करून म्हणाली. "बसलीया."

बापूसाहेब "बरं, उद्या येतो," म्हणाले आणि त्यांनी सायकल वळवली.