काकूंचे पेढे

आण्णा, म्हणजे माझे सासरे, गुडघ्यांमुळे पावसाळ्यापासून खाली उतरले नव्हते. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. मखमलाबाद रोडला तळमजल्याचं घर बघून ठेवलं होतं. आमचा फ्लॅट विकला की ते घ्यायचं, आणि तिथला मालक दिवाळीपर्यंतच थांबणार होता.

किंमत मयूरने, माझ्या नवऱ्याने ठरवली. आमच्या खालचा, अगदी तसाच फ्लॅट मोहिनीकाकूंनी पस्तीस लाखांना विकला होता आणि सोसायटीभर पेढे वाटले होते. आमच्याकडे तर स्वयंपाकघरात नव्या ट्रॉल्या, खिडक्यांना जाळ्या. मयूरने दोन चढवले. सदतीस. फोन यायचे, आकडा ऐकला की लोक नंतर कळवतो म्हणायचे. दसराही गेला. आण्णा गॅलरीतून खालच्या कट्ट्यावरच्या मित्रांना नुसता हात करायचे.

एका दुपारी बाळ नुकतं झोपलं होतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये मुलाकडे राहायला गेलेल्या मोहिनीकाकू धापा टाकत जिने चढून आल्या. पाणी प्यायल्या, आण्णांची चौकशी केली. मग पदराने तोंड पुसत हळूच म्हणाल्या, "सुवर्णा, पस्तीस मी लोकांना सांगितले. हातात तीसच आले."

मी आतलं दार हळूच लोटून घेतलं.

"जावा हसल्या असत्या गं. पण आण्णा असे वर अडकलेले बघवत नाहीत. तू एकतीस सांग."

काकूंचं नाव न घेता मी मयूरला पटवलं. त्याने कुरकुरत आकडा उतरवला. दिवाळीच्या तोंडावर घोटीच्या एका शिक्षक जोडप्याने फ्लॅट तीसला घेतला.

निघायच्या दिवशी मयूरने मित्राच्या मदतीने आण्णांना खुर्चीसकट खाली आणलं. गेटपाशी शेजारच्या कलाबाईंनी विचारलंच, कितीला गेला. मी तीस सांगितले आणि घाईघाईने जोडलं, "तिसरा मजला ना, म्हणून कमी आले."

काकू माझ्या बाळाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, "मजल्याचं काही नाही. माझाही तीसलाच गेला."

आण्णा खुर्चीतून म्हणाले, "मोहिनीताई, मग ते पेढे कसले होते?"

"गेला एकदाचा, त्याचे."

आण्णा कितीतरी महिन्यांनी मोठ्याने हसले. मी वाकून काकूंच्या पाया पडले. बाळाने त्यांचा पदर मुठीत घट्ट धरला होता. टेम्पोवाला हॉर्न देत होता, पण पदर सोडवायची मला घाई नव्हती.