मला लगेच उभे करू नका

मित्रांनो, मी एक जुने वाळूचे घड्याळ आहे. काचेचे दोन फुगे, मध्ये सुईएवढी मान आणि पोटात विटकरी वाळू, एवढाच माझा संसार. मला घडवणाऱ्या कारागिराने वाळू पुन्हा पुन्हा चाळून घेतली होती. "एक खडा राहिला तर हे जन्मभर ठसकत बसेल," असे तो बायकोला म्हणाला होता.

मी शाळेत आलो तो तोंडी परीक्षेसाठी. शाळा इंग्रजी. बाई प्रश्न विचारायच्या आणि मला उलटे करायच्या. वाळू संपली की उत्तर संपले. मोठ्या बाई कौतुकाने म्हणत, "याच्याकडे वशिला चालत नाही. सगळ्यांना सारखा वेळ." आधीच दोन फुगे, त्यात मी आणखी फुगत असे.

मग वर्गात एक मुलगी आली. आधीच्या शाळेत ती आपल्या घरच्या भाषेत शिकली होती. इथे तिचे तोंडच उघडेना, म्हणून मुलांनी तिचे नाव 'गुपचूप' ठेवले. मी टेबलावरून जवळून बघत असे. प्रश्न आला की ती तो मनात आपल्या भाषेत फिरवायची, तिथे उत्तर जुळवायची आणि मग इंग्रजी शब्द एकेक करून गोळा करायची. तिचे ओठ उघडायला आणि माझा शेवटचा कण पडायला एकच गाठ पडायची.

बाईंनी तिच्या वडिलांना बोलावले. ते सायकली दुरुस्त करत.

"या वेळी तोंडी गेली, तर हिला मागच्या वर्गात बसवावं लागेल," बाई म्हणाल्या. त्या वर्गात तिचा धाकटा भाऊ होता.

"बाई, घरी तर हिची टकळी थांबत नाही."

"मग इथंच का थांबते?"

उत्तर माझ्या पोटात होते, पण मला कोण विचारतो?

परीक्षेच्या दिवशी दारात एकाने टोमणा मारलाच. "गुपचूप, भावाच्या बाकाखाली पाय मावतील ना?"

ती टेबलाशी आली. रिकामा पेला खरोखर रिकामा असतो का, असा प्रश्न होता. बाईंनी मला उलटे केले. ती माझ्याकडेच बघत राहिली, घाबरून तिने हात हलवला आणि कोपर लागून मी आडवा पडलो. वाळू जागच्या जागी थांबली. बाईंनी मला उचलायला हात पुढे केला, तेवढ्यात ती बोलली.

"एअर इज देअर." थोडे थांबून, हाताने ट्यूब दाबल्यासारखे करत, "फादर पुट ट्यूब इन वॉटर. बबल कम. वी नो सी एअर. वॉटर टेल."

बाईंचा हात हवेतच राहिला. "मग पेला पालथा करून पाण्यात दाबला तर?"

"वॉटर नो कम. एअर सिटिंग इनसाइड." मग हळूच आपल्या भाषेत, "जागा धरून बसलीय ना, बाई."

बाईंना हसू आले. त्यांनी तिला पास केले.

"अहो, पण इंग्रजी किती मोडकं," मोठ्या बाई म्हणाल्या.

"प्रश्न हवेबद्दल होता. ते तिला पक्कं येतं. इंग्रजी शिकवायचं काम आपलं, ते अजून व्हायचंय."

"उद्या सगळेच जास्त वेळ मागतील."

"मागू देत."

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. कबूल होताना त्या नेहमी तेच करत.

तेव्हापासून माझे काम बदलले. बाई प्रश्न विचारून मला उलटे करतात, पण वाळू संपेपर्यंत कोणी उत्तर द्यायचे नाही. शेजाऱ्याशी आपल्या भाषेत कुजबुजा, चित्र काढा, शब्द शोधा. चुरूचुरू बोलणाऱ्यांची आधी फार चुळबुळ झाली.

"बाई, मला येतंय!"

"येतंय ना? मग पळून जाणार नाही."

हल्ली दमट हवेत माझी वाळू मानेत अडकते. मुले टिचकी मारतात, तेव्हा कुठे मी चालू लागतो. परवा वर्गात आणखी एक नवी मुलगी आली. उत्तर द्यायची पाळी तिची होती. वाळू संपत आली आणि ती अजून ओठांतल्या ओठांत शब्द जुळवत होती. तेव्हा शेजारी बसलेल्या गुपचूपने, जी आता बडबडीबद्दल बोलणी खाते, एका बोटाने मला हळूच आडवे केले. बाईंनी ते पाहिले आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

मित्रांनो, माझी काच पुसत जा, मला ओलीत ठेवू नका. आणि कधी मी टेबलावर आडवा पडलेला दिसलो, तर लगेच उभे करू नका. जवळच कोणीतरी बोलायला लागले असेल.