लाल वाळूची बरणी

मला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही. जन्मापासूनच. दोन्ही चिखलासारखे दिसतात, एक जरा ओला, एक जरा वाळलेला. असा माणूस रंगीत वाळूची चित्रं करतो याचं तुम्हाला हसू येत असेल, तर येऊ द्या. सव्वीस वर्षं करतोय.

काम तसं सोपं आहे. फळीवर नक्षीचा कागद चिकटवायचा, केसाएवढ्या पात्याच्या करवतीने आकार कोरून काढायचे, मागून पातळ प्लायवूड लावायचं, आणि मग त्या खोबणींत गोंद फिरवून वाळू दाबून भरायची. एका वेळी एकच रंग. तो वाळला की फळी वर्तमानपत्रावर उलटी करायची, सुटी वाळू परत बरणीत. धरलेली वाळू मात्र धरली ती धरली, ती पुसता येत नाही.

बरण्यांवर 'लाल', 'हिरवा', 'तपकिरी' या चिठ्ठ्या माझ्या बायकोच्या, आर्डिसच्या अक्षरात. टोमॅटो पिकलाय का, मांस आत कच्चं आहे का, मोजे एकाच जोडीचे आहेत का, हेसुद्धा तीच सांगते. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली. माझे अर्धे डोळे तिच्याकडेच असतात म्हणा ना.

यंदा ऑगस्टात काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, जत्रेसाठी मी लाल कोठार केलं होतं. पुढे हिरवा मका, तपकिरी कुंपण, कुंपणावर दोन लालभडक कार्डिनल पक्षी. पिसांच्या कडा कापताना चार पाती मोडली. काम झक्क झालं होतं. पण लोक फळीसमोर यायचे, थांबायचे, डोकं एका बाजूला करायचे आणि म्हणायचे, "हं. वेगळंच आहे."

आमच्या मिनेसोटात कुणी कुणाला वाईट म्हणत नाही. 'वेगळंच आहे' म्हणजे जमिनीत पुरून टाक. हे मला कळतं, मी इथलाच आहे. कळलं नाही ते एवढंच की काय पुरायचं. त्यातून परीक्षकांनी बक्षिसाची फीत लावली आणि खाली कार्डावर लिहिलं, 'रंगांच्या बाबतीत धाडस'. कोठार लाल रंगवण्यात कसलं आलंय धाडस? या भागात सगळी कोठारं लालच असतात.

शेजारी ऑर्विन उभा होता. आमच्या करवतवाल्या मंडळाचा जुना गडी. त्याला बाजूला घेतलं.

"ऑर्विन, माझ्या कोठाराचा रंग कोणता आहे?"

"कोठार ना? चांगलं भक्कम दिसतंय."

"रंग विचारतोय मी."

"तो तुला हवा होता तसाच असेल की."

"आणि पक्षी?"

"पक्षी एकदम पक्ष्यासारखे. दुपारून पाऊस येईल काय रे?"

ताकास तूर लागू देईना. त्याच्या बायकोला विचारलं, तर तिने तोंडात मिठाची गुळणी धरली आणि माझ्या हातात कॉफी दिली. आर्डिस मात्र माझा दंड धरून म्हणाली, "छान झालंय, व्हर्लिन." पण ती चित्राकडे बघत नव्हती, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघत होती. मी पार भंजाळून गेलो. सगळे खोटं बोलताहेत की ती एकटीच? आणि तिने का बोलावं?

तीन दिवस डोकं चालेना. माणसाला विचारून उपयोग नाही, माणसाला रीतभात असते. मग आठवलं, टॅमीच्या हार्डवेअरच्या दुकानात रंग ओळखणारं यंत्र आहे. पडद्याचा तुकडा द्या, भिंतीचा पोपडा द्या, ते बघतं आणि तसाच ऑइलपेंट सांगतं. आर्डिस चर्चमध्ये गेली होती तेव्हा तीन बरण्या पिशवीत घातल्या आणि गेलो.

टॅमीने चिकटपट्टीवर वाळू घेतली, यंत्राचा डोळा वर टेकवला. चिठ्ठी बाहेर आली.

"'उन्हाळी कुरण'," तिने वाचलं.

"लाल बरणीतली आहे ती. कुरण लाल असतं का?"

"आमच्याकडे तरी नसतं," टॅमी म्हणाली आणि चिठ्ठी घडी करू लागली.

"टॅमी, मी गावात कुणाला सांगणार नाही. ही वाळू हिरवी आहे का?"

तिने दाराकडे बघून घेतलं. "हिरवी आहे, काका."

'हिरवा' लिहिलेली बरणी आगीच्या बंबासारखी लाल निघाली. 'तपकिरी' निघाली गुलाबी. म्हणजे हिरवं कोठार, लाल मका, गुलाबी कुंपण, त्यावर हिरवे कार्डिनल. गावभर ठाऊक, आणि करणाऱ्यालाच नाही! मी इतका संतापलो की गाडी सुरू करायलाही सुचेना. मग लक्षात आलं की चिठ्ठ्या नव्या आहेत. वसंतात तिने बरण्या धुतल्या होत्या आणि वाळू बघून चिठ्ठ्या पुन्हा लिहिल्या होत्या. आणि संताप कुठल्या कुठे गेला. आर्डिसला लाल-हिरवा चुकेल कसा?

घरी ती वाटाणे सोलत बसली होती. बरण्या मी तिच्यासमोर मांडल्या.

"टॅमीच्या यंत्राला दाखवून आलो."

तिने आणखी एक शेंग सोलली.

"थट्टा केलीस ना माझी? सव्वीस वर्षांत एकदा तरी करायचीच होती, हो ना?" मी मनात म्हणत होतो, हो म्हण. बाई गं, हो म्हण. मी वर्षभर चिडेन, पण हो म्हण.

"नाही रे," ती म्हणाली. "रंग दिसतो. नाव येत नाही. पेन हातात घेऊन किती वेळ उभी होते. शेवटी जे आलं ते लिहिलं. म्हटलं, तुला कुठे कळणार आहे."

"आणि जत्रेत?"

"जत्रेत कळलं काहीतरी चुकलंय. काय, ते कळेना. सगळे माझ्याकडेच बघत होते."

"मला का नाही सांगितलंस?"

"मलाच नावं येत नाहीत असं सांगितलं असतं, तर रंग तू कुणाला विचारले असतेस?"

मी खुर्ची ओढून बसलो, त्या चुकीच्या चिठ्ठ्या नखाने खरवडून काढल्या आणि पेन मी घेतलं.

"नाव राहू दे. कशासारखा आहे तेवढं सांग."

तिने पहिली बरणी उजेडात धरली. "गोठलेल्या तळ्यावर मासे धरून आलास की तुझं नाक असतं ना, तसा."

मला हसू आलं. पंच्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा कळलं की माझं नाक आणि कोठार एका रंगाची. मी लिहिलं, 'माझं नाक'. दुसऱ्या बरणीला तिने मांडीवरची शेंग उचलून दाखवली. मी लिहिलं, 'शेंग'. तीही हसली. मला वाटलं, जमेल. असंच चालवू, कुणाला कळायचंही कारण नाही.

तिसरी बरणी तिने उजेडात धरून फिरवली.

"हा त्या घरातल्या भिंतीचा. चुलीपाशी टबात मला न्हाऊ घालायची ती. साबण डोळ्यांत जायचा. ती बाई... कोण रे ती?"

"तुझी आई?"

"हो," ती म्हणाली. पण माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, आपण बरोबर ओळखलं का, हे तपासत असल्यासारखी.

मी पेन खाली ठेवलं.

"आर्डिस, डॉक्टरांना फोन करू का?"

तिने बरणी खाली ठेवली, मांडीवरची सालं गोळा केली, परत सांडली.

"कर. आत्ताच कर, व्हर्लिन. उद्या विचारलंस तर मी म्हणेन मला काही झालेलं नाही, आणि तुला ते खरं वाटेल."

मी उठलो आणि फोन लावला.