समाचाराची खाट

मुंबईला आमच्या मालकांचं काळीज उघडून डॉक्टरांनी आतली झडप बदलली, आन घरी सोडताना एवढंच बजावलं, "आबासाहेब, रोज चालायचं. साठीच्या पुढं पडून राहिलात तर छातीत कफ साचेल, पायांत रक्त गोठेल."

पण आमच्या सोलापुरात आजाऱ्याला मरायची मोकळीक हाय, चालायची न्हाय.

समाचाराला येणारा माणूस पदरचं तिकीट काढून येतो. त्याला आजारी माणूस खाटंवर पडलेलाच लागतो. पयल्या दिवशी हे अंगणात फिरत होते, तर बार्शीच्या माझ्या नणंदबाई, बजाबाई, दारातच हिरमुसल्या. "दादा तर धडधाकट हाय की! मग तार कशाला केली?"

माझे धाकटे दीर आप्पा लाजंनं अर्धे झाले. तवापासनं कडी वाजली की ते ह्यांना खाटंवर लोटायचे आन गळ्यापातूर चादर ओढायचे. कडी तर दिवसभर वाजायची. माळशिरसचे पावणे उठले की कुंभारीचे हजर. नारळ, बिस्किटाचे पुडे, आन सगळ्यांचं एकच, "हालू नका बरं!" मी आपली चहा उकळतीय.

बघता बघता ह्यांचे पाय सुजले, बोलताना दम लागाया लागला. एक दिवस म्हणले, "मथुरे, ऑपरेशनातनं वाचलो, पण ही माणसं मला पोचवतात बघ."

पुन्हा कडी वाजली, तशी ह्यांना सरकवून मीच खाटंवर आडवी झाले.

"उठा तुमी, चहा करा! समाचार पायजे न्हवं पावण्यांना? माझा घ्या म्हणावं."

"वैनी, लोक काय म्हणतील?" आप्पा घाबरले.

"लोकांना खाटंवर कुणीतरी लागतंय, भावजी. कोण हाय ते कुणी बघत न्हाय."

तसंच झालं! पावणे माझ्याभोवती बसून हळहळाया लागले. हे स्टोपासनं बैठकीत, बैठकीतनं नळावर, पेले गोळा करत हळूहळू फिरत ऱ्हायले. रोज तेच. पायांची सूज उतरली, तोंडावर रंग आला.

हळूहळू पावणे आटले. आप्पा म्हणले, "वैनी, उठा की आता. कुणी येत न्हाय."

उठाया गेले, तर उठवंना. लगीन होऊन आल्यापासनं दिवसा कधी पाठ टेकली न्हवती मी. सगळा शीण एकदम वर आला आन मला रडूच कोसळलं.

हे चहाचा पेला घेऊन उशाशी बसले. "पड," म्हणले. "डॉक्टरनं मला चालाय सांगितलंय. तुला न्हाय."

चहात साखर घालायची इसरले होते. मी सगळा प्याले.