भाचीच्या गालांचा रंग

ताई चार दिवस माझ्या खुर्चीशेजारी स्टूल टाकून बसली होती. "लाल थोडा कमी कर. हं, आता जरा वाढव. अरे, असे गाल होते का तिचे?" मी जाम वैतागायचो. वीस वर्षं व्हिडिओ एडिट करतोय मी, आणि ही मला शिकवणार! पण खरं सांगायचं तर तो रंग तिलाच माहीत होता. भाची, म्हणजे तिची लेक, गेली तेव्हा नऊ वर्षांची होती. जुन्या फोनबरोबर तिचे सगळे फोटो गेले आणि उरली ही एकच क्लिप, हॉस्पिटलातली, काविळीनं पिवळीजर्द. तो पिवळेपणा काढायचा होता. भाच्याच्या लग्नात मोठ्या पडद्यावर, कोपऱ्यातल्या चौकटीतून ही त्याची बहीण त्याला हात हलवून दाखवणार होती.

चौथ्या दिवशी ताईनं डोळे मिटून घेतले, उघडले. मग म्हणाली, "हीच. आता हात लावू नकोस."

लग्नाच्या सकाळी हॉलवाल्याचा फोन आला. पडदा आडवा नाही, उभा आहे म्हणे! माझं डोकंच फिरलं. भाचीची चौकट कापून नव्या मापात बसवायला हवी होती. मूळ क्लिपवरून कापलं की चेहरा धूसर होत नाही, म्हणून मूळ क्लिप आणली, कापली, बसवली आणि चौकटीतली आधीची उडवली. रंग त्या आधीच्या क्लिपवर चढवलेले होते, तिच्याबरोबर तेही गेले. त्याच नावानं सेव्ह केलं, घाईत धड पाहिलंसुद्धा नाही. एक प्रत बाजूला ठेवा, असं जगाला सांगत फिरतो मी. गाढव कुठला!

पडद्यावर ती आली, तशीच पिवळी. "अगंबाई, फारच आजारी होती वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं. भाच्यानं मान खाली घातली. ताई मात्र शेवटपर्यंत बघत राहिली.

दोन दिवसांनी लॅपटॉप घेऊन तिच्याकडे गेलो. "ताई, चुकलो गं. बस, पुन्हा करू. तू सांगशील तसं."

बसली बिचारी. मी पिवळा उतरवला, लाल चढवला. तिनं डोळे मिटले आणि लगेच उघडले.

"कमी करू? वाढवू? अगं, सांग ना काहीतरी!"

"काय सांगू? तेव्हा डोळे मिटून आठवत होते, म्हणून सांगता येत होतं. आता डोळे मिटले की पडद्यावरचीच दिसते रे."

तरी मी लाल आणखी थोडा वाढवून बघितला.

"तुला बरा वाटेल तो रंग ठेव," ताई उठत म्हणाली. "मला आता ओळखू यायचा नाही."