टांटीचा आवाज

हरिलालने कोकोच्या शेंगेवर उगारलेला कोयता हवेतच धरून ठेवला. वरच्या डोंगरात कुत्रं भुंकलं होतं.

परत भुंकलं. आधी दोन जाड, घोगरे हुंकार, आणि मागोमाग एक लांबलचक बारीक सूर, गंजलेल्या बिजागरीसारखा, शेवटाला वर चढणारा. मोरा ट्रेस गावात हा आवाज ओळखणार नाही असा एकही जुना शिकारी नव्हता. ती टांटी होती, क्लेतो गेराची कुत्री. पिल्लू असल्यापासून ती अख्ख्या गावावर मावशीसारखी खेकसायची, म्हणून नाव टांटी, इथल्या बोलीत मावशी. आणि आत्ता ती नुसती भुंकत नव्हती. तिच्या पुढ्यात अगूती पळत होता. तो सशाएवढा तांबूस प्राणी मोरा नावाच्या उंच झाडांच्या मुळांमधून कसा सटासट वळतोय, हे हरिलालला इथे उभ्या उभ्या कानांनी दिसत होतं.

त्याच्या चेहऱ्यावर आपोआप हसू आलं. मग आठवलं की मे महिना चाललाय.

शिकार ऑक्टोबर ते फेब्रुवारी. मार्चपासून जंगल बंद, माद्या पोटुशा असतात. हरिलाल शिकारी संघाचा सेक्रेटरी, वर मानद वनरक्षक. त्या बिल्ल्याला पगार नाही, पण घरी आरशासमोर लावून बघायला बरा. येत्या शनिवारी गावच्या हॉलमध्ये जंगल खात्याचा साहेब येणार होता. गावामागचं जंगल शिकारीला कायमचं बंद करा, असा अर्ज शाळेच्या मिस अलीननी दिला होता, आणि शिकाऱ्यांच्या बाजूने बोलायचं होतं हरिलालने. शिकारी वेगळा आणि चोरटा वेगळा, एवढंच सांगायचं होतं. आठवडाभर तो ते वाक्य कोकोच्या झाडांना ऐकवत होता.

आणि वर डोंगरात क्लेतो. ज्याने त्याला शिकार शिकवली तोच.

पोटुशी मादी दिसली तर बंदूक खाली, हे क्लेतोनेच शिकवलेलं. सीझनचा पहिला अगूती ज्या घरात शिकारी नाही त्या घरी द्यायचा, हेही त्याचंच. एक ऑक्टोबरला पहाटे दोघं निघायचे, खिशात सार्डिन घातलेल्या भाकऱ्या, पुढे टांटीची आई क्वीनी. अगूती पोकळ ओंडक्यात शिरला की क्लेतो टाचेने ओंडक्यावर तीन ठोके द्यायचा, आणि क्वीनी दुसऱ्या टोकाला तोंड लावून असा गळा काढायची की खालच्या वाडीतल्या कोंबड्या उडायच्या. क्वीनी दोघांच्या मालकीची. तिची ही लेक हरिलालच्या अंगणात वाढली, ठोक्यांवर गळा काढणंही आईकडूनच शिकली. मग क्लेतोची बायको गेली, घर रिकामं झालं, तेव्हा हरिलालने काही न बोलता पिल्लू उचलून त्याच्या पायरीवर नेऊन ठेवलं. बारा वर्षं झाली त्याला.

दुसरा कोणी असता तर हरिलालने सरळ फोन लावला असता. फोन त्याने काढलाही. मग परत खिशात टाकला, कारण त्याला त्याहून झकास काहीतरी सुचलं होतं.

तो टेकाडावर चढला, दोन्ही तळवे जुळवून त्यात फुंकर मारली. घुबडासारखा लांब घुमका निघाला. पिल्लू असताना टांटीला जेवायला याच आवाजाने बोलवायचे. वरचं भुंकणं तुटलं. थोडा वेळ काही नाही. मग झुडपं हलली आणि म्हातारी चिखलाने माखलेली, जीभ काढत, तोंडभर हसत पायाशी येऊन बसली.

हरिलालला गुदगुल्या झाल्या. आता क्लेतो संध्याकाळी येणार. म्हणणार, माझी कुत्री पाहिलीस का रे. आपण विचारायचं, कुठे हरवली. मग म्हाताऱ्याचा चेहरा बघायचा. दंड नको, पोलीस नको, तेवढ्या एका प्रश्नाने क्लेतो पुढची दहा वर्षं डोंगराकडे फिरकणार नाही. कमरेची दोरी टांटीच्या गळ्यात अडकवून तो शीळ घालत खाली उतरला.

रस्त्यावर मिस अलीन उभ्या होत्या, शाळेच्या पक्षीमंडळासकट. बारा पोरं, बारा दुर्बिणी.

बंद सीझनमध्ये शिकारी जंगलातून उतरतोय, अंगावर चिखल, हातात कोयता, दोरीला शिकारी कुत्रं. मिस अलीननी फोन वर केला. इथे दुसरा कोणी असता तर थांबला असता, समजावलं असतं. हरिलालने दात दाखवले.

"रस्सा संध्याकाळी सहाला, मिस," तो म्हणाला. "येताना तेवढी रोटी आणा."

पोरं हसली. मिस अलीन हसल्या नाहीत.

दुपारपर्यंत तो फोटो गावातल्या झाडून सगळ्या फोनमध्ये पोचला. फोटोत टांटीची शेपटी आणि एक मागचा पाय, बाकी गवत. हरिलालचे मात्र सगळे दात मोजून घ्यावेत इतके स्वच्छ आले होते. खाली लिहिलं होतं, शिकारी संघाचे सेक्रेटरी, मे महिन्यात, रश्श्याचं आमंत्रण देताना. रमच्या दुकानात लोक म्हणत होते, शिकारी काय आणि चोरटा काय, गोळी लागल्यावर अगूती लायसन बघायला मागत नाही. म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांनी मागच्या नाताळात याच हरिलालकडून वाटा मागून नेला होता.

त्याने दोघातिघांना सांगून पाहिलं की कुत्रं माझं नाही, मी तर चोरट्याच्या हातून सोडवून आणलं. ते पोट धरधरून हसले. चूक त्यांची नव्हती. ज्या माणसाने अगूतीच्या कातड्यात नारळाची शेंडी भरून ते वनरक्षकांच्या जीपपुढे दोरीने नाचवली होती, त्याचं खरं कोण ऐकणार. चोरट्याचं नाव सांग, ते म्हणायचे. आणि तिथे हरिलालची जीभ अडायची.

"नाव सांगून टाका," बायको बासदई चुलीपाशी पाठमोरी बसून म्हणाली. "तुमची थट्टा तुमच्याच अंगलट आलीय. बिल्ला जाईल, जंगल जाईल, वर लेकीला सासरी तोंड दाखवायला जागा राहणार नाही."

"त्याच लेकीचा धर्मबाप आहे तो."

यावर तिने फोडणी जरा जास्तच जोरात टाकली.

क्लेतो सूर्य कलल्यावर आला. हॅट हातात, डावा गुडघा नेहमीसारखा ओढत. हॅमॉकखाली पडलेल्या टांटीने शेपटी दोनदा आपटली, उठली नाही. ती दोघांच्या मधोमध होती आणि तिला तेवढं पुरे होतं.

हरिलालचा प्रश्न दिवसभर तयार होता. पण क्लेतोने त्याच्यावर ती वेळच येऊ दिली नाही. तो बाकावर बसला, हॅट गुडघ्यावर ठेवली आणि सरळ म्हणाला,

"बंदूक नेली नव्हती, कोम्पाय."

लेकीचा धर्मबाप झाल्यापासून तो हरिलालला याच नावाने हाक मारायचा.

"सीझन उघडला की शहरातले जीपवाले येतात. चाळीस कुत्री, रेडिओ, गोंगाट. मला हा गुडघा घेऊन कुठली जागा मिळते? गेल्या वर्षी तिचा आवाजच ऐकू आला नाही त्या गर्दीत." तो खाली वाकून टांटीचा कान चोळत राहिला. "बारा वर्षांची झाली. पुढचा ऑक्टोबर बघेल ती?"

खरं सांगत होता की नाही, हे हरिलालला कळेना. गोळीचा आवाज आला नव्हता एवढं खरं. पण घुमका मारून आपणच शिकार मधे तोडली होती, तेही खरं. आणि सकाळी तो सूर ऐकून पहिल्यांदा आपल्याला हसू आलं होतं, हे तर त्याने बासदईलाही सांगितलं नव्हतं.

"पोटुशी मादी बंदूक ओळखत नाही, क्लेतो. मागे कुत्रं लागलं की ती पळते. तूच सांगितलंस मला."

क्लेतोने मान हलवली. बराच वेळ हलवतच राहिला. मग क्वीनीची गोष्ट निघाली, पुरात ती ओंडक्यावर बसून वाहत गेली होती आणि तिसऱ्या दिवशी पाद्र्याच्या घरी जेवताना सापडली ती. दोघं हसले, बासदईसुद्धा आतून हसली. कॉफी झाली. जाताना क्लेतो पायरीवर थांबला.

"हिला शनिवारनंतर नेली तर चालेल? आत्ता गावातून घेऊन गेलो तर..."

"चालेल."

क्लेतो अंधार पडायच्या आत गेला. टांटी पायरीपर्यंत गेली, त्याच्या पाठीकडे बघत उभी राहिली, मग हरिलालकडे बघितलं. हरिलालने आपलं तोंड फिरवलं. चाळीस वर्षांत क्लेतोने त्याच्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती, आणि ती नेमकी ही, की आळ आपल्यावरच राहू द्यावा.

शनिवारी हॉल भरला. उंच खांबांवरची ती जुनी लाकडी इमारत, रस्त्याकडून वर यायला सात पायऱ्या. हरिलाल सगळ्यांच्या आधी येऊन गेला होता. खाली खांबांच्या गर्दीत, बाहेरून दिसणार नाही अशा जागी, त्याने टांटीला बांधलं होतं. घरून निघताना बासदईने विचारलं होतं, हिला कशाला नेताय. एकटी राहत नाही, तो म्हणाला होता. तेही खोटं नव्हतं.

डाव्या बाजूला मिस अलीन, पालक आणि पक्षीमंडळ. उजवीकडे पंधरा-वीस म्हातारे शिकारी, मांडीवर हॅट, आज हरिलालशी कोणी नजर मिळवत नव्हतं. क्लेतो शेवटच्या रांगेत, दाराजवळ. मधे टेबलाशी जंगल खात्याचा साहेब घाम पुसत बसला होता.

मिस अलीन बोलल्या आणि चांगल्या बोलल्या. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीने मार्चमध्ये शाळेमागे मेलेली अगूतीची मादी पाहिली होती, पोटात दोन पिल्लं. ती मुलगी त्यानंतर आठ दिवस चित्रच काढायला तयार नव्हती. ऐकताना हरिलालची मान खाली गेली. यात एक शब्द खोडण्यासारखा नव्हता. मग त्यांनी फोन वर धरून फोटो दाखवला.

"हे गृहस्थ आज आपल्याला सांगणार आहेत की शिकारी आणि चोरटे वेगळे. मिस्टर हरी, मला कबूल आहे. फक्त फरक कसा ओळखायचा तेवढं सांगा. बघून तर कळत नाही."

हॉलमध्ये हशा पिकला. हरिलाल उठला. पाठ केलेलं वाक्य तोंडात आलं आणि तिथेच विरघळलं. सवयीने एक विनोदही आला, तोही त्याने गिळला.

"बरोबर आहे, मिस," तो म्हणाला. "बघून नाही कळत."

आणि उजव्या टाचेने त्याने फळ्यांच्या जमिनीवर तीन ठोके दिले. सावकाश, एकेक.

खालून दोन घोगरे हुंकार उठले. मग तो लांब, बारीक, वर चढत जाणारा सूर फळ्यांच्या फटींतून वर आला आणि सगळ्या हॉलभर पसरला.

डावीकडे लोकांनी कानांवर हात ठेवले, पोरं खिदळली. उजवीकडे एकही हॅट हलली नाही. पंधरा-वीस म्हातारे जागच्या जागी बसून राहिले, देवळात बसावं तसे. त्यांतल्या एकानेही मागे वळून शेवटच्या रांगेकडे बघितलं नाही. सगळ्यांनी फक्त आपापल्या हॅटच्या कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली.

"कोणाचं कुत्रं आहे ते?" साहेब म्हणाला. "कोणीतरी जाऊन गप्प करा बुवा."

हरिलाल जागचा हलला नाही. खाली टांटीने पुन्हा सूर लावला. तिला ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी असल्याची खात्री होती.

शेवटच्या रांगेत बाक करकरला. एका गुडघ्याचा आवाज झाला. दार उघडलं, ऊन आत आलं, दार लागलं. सात पायऱ्या उतरणारी पावलं, एक जड, एक ओढलेलं. भुंकणं मधेच थांबलं.

"चला, बरं झालं," मिस अलीन म्हणाल्या. "बोला, मिस्टर हरी."

"एक मिनिट, मिस."

तो ऐकत होता. उजवी बाजू सगळी ऐकत होती. खाली दोरीची गाठ सुटायला वेळ लागला, म्हाताऱ्या बोटांना लागतोच. मग थोडा वेळ काहीच नाही. तिथून दोन वाटा होत्या. एक नाल्याच्या कडेने, केळींमागून, थेट क्लेतोच्या घराच्या मागच्या दारी जाणारी. त्या वाटेने गेलेलं इथून कोणाला दिसलं नसतं.

साहेबाने घड्याळ बघितलं. पक्षीमंडळातल्या एका पोराने जांभई दिली.

पहिली पायरी वाजली. जड. मग दुसरी, ओढलेली. आणि त्यांच्यासोबत, लाकडावर टिकटिक, चार पायांची नखं.